आग रामेश्वरी, पंप सोमेश्वरी

उज्जैनच्या राम घाटावर चैत्र-वैशाखात डुबकी मारणाऱ्याच्या ओंजळीत येणारं पाणी बऱ्याच अंशी क्षिप्रेचं नसतं, नर्मदेचं असतं. ओंकारेश्वर प्रकल्पाच्या सिसलिया तलावातून ते उचललं जातं. चार पंपिंग स्टेशनं त्याला टप्प्याटप्प्यानं ३४८ मीटर वर चढवतात. ४७ किलोमीटरची जलवाहिनी ते इंदूर जिल्ह्यातल्या उज्जैनी गावाजवळ, क्षिप्रेच्या उगमाशी, आणून सोडते आणि तिथून नदीच्या पात्रातून सुमारे ११५ किलोमीटर वाहत ते घाटाच्या पायऱ्यांना लागतं. ४३२ कोटींच्या या योजनेचं उद्घाटन फेब्रुवारी २०१४ मध्ये झालं आणि २०१६ च्या सिंहस्थात लोकांनी याच पाण्यात स्नान केलं. एक नदी डोंगर चढवून दुसरीत ओतणं ही अभियांत्रिकी म्हणून लहान गोष्ट नाही. तिची टिंगल करायचं कारण नाही. विचारायचं ते एवढंच, की क्षिप्रा का आटली याचा तपास पंप बसवण्याआधी किती झाला?

हा प्रश्न अंगवळणी पडलेली एक छोटी, छांदिष्ट जमात आहे. तिचा नद्यांशी काही संबंध नाही. ही मंडळी इंधनावर चालणारी मॉडेल विमानं उडवतात. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या माळावर ती उकिडवी बसलेली दिसतात: अंगाला एरंडेलाचा वास, कपड्यांवर तेलाचे डाग, एक हात फिरत्या पंख्यापासून जपलेला आणि दुसऱ्या हातात कार्ब्युरेटरची सुई. आपल्याकडे या छंदाचा सगळ्यात रुंद दरवाजा म्हणजे एनसीसीची एअर विंग. तिथल्या कॅडेटांना एअरोमॉडेलिंग शिकवलं जातं आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. कुणी तारांच्या टोकाला गरगरणारं कंट्रोल लाइन विमान उडवतं, कुणी रेडिओवरचं. त्यांच्यातल्या जुन्या खोडांना विचारलं की सगळ्यात जास्त विमानं कशानं पडतात, तर उत्तरात वारा, पंख किंवा रेडिओ यांच्या बरोबरीनं एका चार आण्यांच्या रबरी नळीचं नाव येतं.

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. जमिनीवर इंजिन झकास वाजतं. विमान उचलतं, चढायला लागतं, आणि शंभरेक फुटांवर आवाज बारीक होत जातो, आचके बसतात आणि सगळं शांत. नवखा माणूस लगेच इंजिनाला दोष देतो. सुई फिरवतो, प्लग बदलतो, पुढच्या रविवारी इंजिन खोलून बसतो. त्याहून उत्साही असेल तर तो ठरवतो की इंजिनाला इंधन ओढवत नाही, तेव्हा पंप लावला पाहिजे. पंप येतो, पैसे जातात, आणि विमान पुन्हा त्याच उंचीवर शांत होतं.

कारण बघायचं तर टाकी उघडावी लागते. मॉडेलच्या छोट्या इंजिनाला मोटारीसारखा पंप बहुधा नसतोच. इंजिन आपल्या ओढीनं इंधन खेचतं, आणि मफलरमधल्या धुराचा किंचित दाब एका नळीनं टाकीत घेऊन या ओढीला मदत केली जाते. टाकी म्हणजे प्लास्टिकची छोटी बाटली. तिच्या रबरी बुचातून पितळेच्या दोन-तीन नळ्या आत जातात. त्यातल्या एकीला आतून मऊ सिलिकॉनची नळी जोडतात आणि तिच्या टोकाला धातूचं वजन लावतात. त्याला क्लंक म्हणतात. विमान उलटं होवो वा आडवं, इंधन ज्या बाजूला जाईल त्या बाजूला हे वजनही घरंगळतं आणि नळीचं तोंड नेहमी इंधनात बुडालेलं राहतं. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना क्वचित बघायला मिळते. पण तिच्यात बिघाडाच्या जागाही तितक्याच चोरट्या आहेत.

समजा मागच्या खेपेला विमान जरा आपटत उतरलं. धक्क्यानं क्लंक पुढच्या बाजूला फेकला गेला आणि नळी दुमडून तिथेच अडकली. बाहेरून काही दिसत नाही. विमान सपाट असेपर्यंत आणि टाकी भरलेली असेपर्यंत इंजिन मजेत चालतं. नाक वर केलं की इंधन मागे जातं, नळीचं तोंड पुढे कोरडं राहतं आणि इंजिनाच्या नशिबी हवा येते. दुसरा प्रकार आणखी छळवादी. पितळी नळी कापताना तिची कड नीट घासली नाही, तर ती धारदार कड बुचाच्या मागे सिलिकॉनच्या नळीला सूक्ष्म छेद पाडते. टाकी भरलेली असताना हा छेद इंधनाखाली असतो, त्यामुळे तक्रार नाही. अर्धी रिकामी झाली की छेद वर येतो आणि इंधनाबरोबर हवेचे बुडबुडे जायला लागतात. म्हणून इंजिन दरवेळी उड्डाणाच्या उत्तरार्धातच रुसतं, आणि मालक समजतो की ते तापतं आहे.

आणि जागेचं गणित. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीला किंवा त्याहून अगदी थोडी खाली असावी लागते. टाकी वर बसवली तर उभ्या उभ्या इंजिनात इंधन पाझरून ते बुडतं. फार खाली किंवा फार मागे बसवली तर चढताना ओढ अपुरी पडते. इंजिनाच्या थरथरीनं इंधनाचा फेस होतो, म्हणून टाकीभोवती स्पंज भरतात. पण तो ठासून भरला तर थरथर सरळ टाकीतच शिरते आणि स्पंज असून नसल्यासारखा. कंट्रोल लाइनच्या विमानात तर आणखी एक भानगड. २० मीटरच्या तारांवर ताशी १०० किलोमीटर वेगानं फिरणाऱ्या विमानात इंधनाला बाहेरच्या बाजूला फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ चौपट असतो. तिथे टाकी काही मिलिमीटर आत-बाहेर सरकली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. कित्येक स्पर्धकांचा सगळा सराव या मिलिमीटरांपायी खर्ची पडतो.

शेतातली मोटर पाणी उचलेनाशी झाली की जाणता शेतकरी मोटर खोलण्याआधी विहिरीतला फूटव्हॉल्व्ह बघतो. मॉडेलवाल्यांची रीतही तीच. आधी इंधन ताजं आहे का, कारण त्यातलं मिथेनॉल हवेतला ओलावा पितं आणि महिनोन् महिने अर्धवट भरलेल्या कॅनमधलं इंधन कुचकामी होतं. मग प्लग. मग इंजिन चालू ठेवून पारदर्शक नळीकडे टक लावून बघणं: बुडबुडे दिसतात का? दिसले तर इंजिन निर्दोष, गुन्हेगार त्याच्या मागे आहे. मग टाकी बाहेर काढायची, एक सोडून सगळी तोंडं बंद करायची, उरलेल्या तोंडातून पिचकारीनं हवा भरायची आणि टाकी बादलीतल्या पाण्यात बुडवायची. गळती असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. पंक्चर काढणाऱ्याची ही युक्ती लाखाच्या विमानालाही तितकीच लागू पडते. तोंडानं फुंकायचं मात्र नाही. मिथेनॉल हे विष आहे, कातडीतूनही शरीरात शिरतं, आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूतून त्यानंच शंभराहून अधिक माणसं मारली, हे महाराष्ट्रात तरी कुणाला वेगळं सांगायला नको.

शेवटची परीक्षा उड्डाणाच्या ऐन आधी. इंजिन पूर्ण वेगात ठेवून कुणीतरी विमान घट्ट धरून त्याचं नाक आकाशाकडे करतं. आवाज किंचित चढून स्थिर राहिला तर उडायला हरकत नाही. खाली बसला तर विमान जमिनीवरच राहतं. एका बाजूला आठ-दहा सेकंदांची ही परीक्षा आणि दुसऱ्या बाजूला महिन्यांची मेहनत मातीत. तरी ती टाळणारे दर रविवारी भेटतात.

मग पंप कुणाला लागतो? काहींना खरंच लागतो. टाकी इंजिनापासून लांब, विमानाच्या पोटात मध्यावर ठेवायची असेल, म्हणजे इंधन संपत जाताना तोल ढळू नये, तर नुसती ओढ पुरत नाही. जपानच्या वायएस इंजिनांनी कसरतीच्या उड्डाणात नाव कमावलं ते पंप आणि दाब नियंत्रकाच्या जोरावर. त्यांच्या टाकीत इंजिनाकडूनच दाब भरला जातो आणि एक झडप तो परत जाऊ देत नाही. पण इथेही टाकीच पहिली: दाबाची टाकी जराशी गळली तर सगळी शिस्त कोसळते. उतरल्यावर दाब सोडायला विसरलं तर इंधन इंजिनात भरून बसतं, आणि पुढच्या वेळी जोर करून फिरवलं की आतला दांडा वाकतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेलांच्या कार्ब्युरेटरमध्येच एक पातळ पडद्याचा पंप असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो पडदा धडधडतो आणि इंधन ओढतो. हळू चालताना सगळं ठीक आणि पूर्ण वेगात इंजिन भुकेलं, असं झालं की लोक कार्ब्युरेटर बदलायला निघतात. बघायला हवी ती आतली नखाएवढी जाळी, जिच्यावर टाकीतला कचरा येऊन बसतो. बघायला हवा तो पडदा, जो जुन्या पेट्रोलच्या राळेनं कडक झालेला असतो. सिलिकॉनची नळी मिथेनॉलला चालते, पेट्रोलमध्ये ती फुगते आणि कमकुवत होते, हेही पुष्कळांना विमान पडल्यावर कळतं. आता देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. वर्षभर टाकीत राहिलेलं पेट्रोल हे या छंदात नवं दुखणं ठरणार, यात शंका नाही. छोट्या जेट इंजिनांचा तर थाटच वेगळा: मिनिटाला लाखभर फेरे, केरोसीन पाजणारा विजेवरचा पंप, आणि तरी नळीत एक मोठासा बुडबुडा आला की ज्योत विझलीच. म्हणून जेटवाले पंपाच्या आधी हवा अडवणारी एक छोटी मधली टाकी लावतात. पंप महागडा असला तरी भिस्त त्या मधल्या टाकीवर असते.

खेळण्यातल्या गोष्टी खेळण्यातच राहत नाहीत. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोवर उतरताना अगदी शेवटच्या टप्प्यात दोन्ही इंजिनांची ताकद गमावून बसलं आणि धावपट्टीच्या अलीकडे गवतावर आदळलं. आत १५२ माणसं होती, सगळी वाचली. टाक्यांत इंधन भरपूर होतं. तपासात दोन्ही उच्च दाबाच्या पंपांवर ताज्या खुणा सापडल्या, पोकळ बुडबुडे फुटून धातूला पडतात तशा. एखाद्यानं तिथेच निकाल दिला असता: पंप बिघडले. ब्रिटिश तपास यंत्रणेनं त्या खुणांचा अर्थ उलटा लावला. पंपांना मागून पुरेसं इंधनच मिळत नव्हतं, त्याची ती साक्ष होती. अडथळा पंपाच्या आधी होता. लांबच्या थंड प्रवासात नळ्यांमध्ये साठलेला बर्फ सुटून इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी येऊन बसला होता. पुढे त्या यंत्राच्या तोंडाची रचनाच बदलण्यात आली.

उलट बाजूचं उदाहरण मेनार्ड हिल यांचं. हा अमेरिकी गृहस्थ वयाच्या ७७ व्या वर्षी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा झालेला असताना, पाच किलोंहून हलकं लाकडी मॉडेल विमान अटलांटिक ओलांडायला पाठवतो. आधीचे प्रयत्न फसले होते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘टॅम-५’ कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी, ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. इंजिन १० घनसेंटिमीटरचं, म्हणजे मोपेडच्या इंजिनाच्याही पाचव्या हिश्शाचं. इंधन चार लिटरांहून कमी. हिल आणि त्यांच्या सोबत्यांनी इंजिनाची ताकद वाढवण्याचा नाद सोडला होता. त्यांची सारी तपश्चर्या इंधन थेंबाथेंबानं, दोन रात्री न चुकता कसं जाईल यावर होती. विमान उतरलं तेव्हा टाकीत अगदी थोडं उरलं होतं.

आता पुन्हा क्षिप्रेकडे. मध्य प्रदेश सरकारनं २०२८ च्या सिंहस्थासाठी नदीची कामं हाती घेतली आहेत. मुख्यमंत्री मोहन यादव स्वतः उज्जैनचे. त्यामुळे पैशाची चणचण नाही आणि इच्छाशक्तीचीही नाही. उज्जैन ही अठराव्या शतकात शिंद्यांची राजधानी होती. महाकालाचं मंदिर पुन्हा उभं राहिलं ते राणोजी शिंद्यांच्या काळात, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून. तेव्हा मराठी माणसाला या नदीबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार नसला तरी जिव्हाळा नक्की आहे.

मॉडेलवाल्याच्या नजरेनं ही नदी पाहिली तर काय दिसतं? पहिली गोष्ट, टाकी. माळव्याची काळी जमीन आणि तिच्याखालचा बेसाल्ट हीच क्षिप्रेची टाकी. पावसाळ्यात ती भरायची आणि हिवाळा-उन्हाळ्यात झऱ्यांनी पाझरायची. गेल्या काही दशकांत गावोगाव नलकूप झाले, गहू-सोयाबीनचं चक्र त्यांच्यावर चाललं, आणि टाकीतला साठा नदीपर्यंत पोचण्याआधीच वर उपसला जाऊ लागला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याला वीज आणि हमीभाव देताना कुणी नदीचा हिशेब मांडला नव्हता. पण गळती तिथे आहे, आणि नर्मदेचा पंप ती बुजवत नाही. उज्जैनीला सोडलेलं नर्मदेचं पाणीही ११५ किलोमीटरच्या वाटेत जमीन शोषते, काठावरच्या मोटरी उचलतात आणि सूर्य उडवतो.

दुसरी गोष्ट, नळीतला कचरा. इंदूर शहराचं सांडपाणी घेऊन येणारी खान नदी राम घाटाच्या वरच्या अंगाला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून इंदूरची पाठ वर्षानुवर्षं थोपटली गेली, ती रस्त्यांपुरती खरी आहे. खानचं पाणी मात्र वेगळी हकीकत सांगतं. स्नानपर्वाच्या आधी त्रिवेणीला मातीचा बांध घालून ते अडवतात, आणि प्रवाह वाढला की बांध फुटतो. २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचं पाणी पिपल्याराघोपासून पाइपलाइननं वळवून उज्जैनच्या खालच्या अंगाला, कालियादेहच्या पुढे सोडण्याची सोय केली गेली, ती पुरी पडली नाही. आता ९१९ कोटींहून अधिक खर्चाची, ३० किलोमीटरची बंदिस्त वाहिनी होते आहे. तिच्यातला १२ किलोमीटरचा भाग बोगद्याचा. ती हे पाणी उज्जैनला वळसा घालून गंभीर नदीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडेल. गंभीर पुढे क्षिप्रेलाच मिळते. म्हणजे राम घाटाची ओंजळ स्वच्छ होईल आणि महिदपूरकडच्या गावांना इंदूरचा प्रसाद मिळेल. शुद्धीकरण केंद्रं खान नदीच्या मुळाशी पूर्ण क्षमतेनं आणि सतत चालली तर एवढ्या लांब बोगद्याची गरज किती उरली असती, याचा आकडा लोकांसमोर यायला हवा होता.

शनिवार, ५ जानेवारी २०१९. शनी अमावास्या. त्रिवेणीच्या घाटावर हजारो भाविक पोचले आणि पात्रात स्नानापुरतंही पाणी नव्हतं. नर्मदेचं पाणी वेळेवर आलं नाही. लोकांनी चिखलात हात बुडवून अंगाला लावले. भोपाळहून कारवाई झाली: विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघेही बदलले गेले. म्हणजे इंजिन बंद पडलं आणि वैमानिक बदलला. अधिकारी कामचुकार होते की नव्हते, हा इथे मुद्दाच नाही. ज्या नदीत हिवाळ्याच्या मध्यावर, पावसाळा संपून तीनच महिने झालेले असताना, डुबकीपुरतं पाणी नसतं, तिथे पंप वेळेवर चालू झाला असता तरी बिघाड लपला असता, इतकंच.

सगळंच चुकतंय असं म्हणणं अन्यायाचं होईल. सेवरखेडी-सिलारखेडी ही सहाशे कोटींहून मोठी योजना पावसाळ्यात क्षिप्रेचंच पाणी उचलून सिलारखेडीच्या वाढवलेल्या तलावात साठवणार आहे आणि कोरड्या महिन्यांत ते परत नदीत सोडणार आहे. ही जेटवाल्यांच्या मधल्या टाकीची जातकुळी. दुसऱ्याच्या नदीतून ३४८ मीटर उपसा करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं, आणि विजेचं बिलही हलकं. तरी तलाव भरायला नदीला पाणी हवं, आणि ते हवं असेल तर पाणलोटातल्या उपशाकडे वळावंच लागेल. पावसाचं पाणी जिरवणं, नलकुपांवर मर्यादा, नदीकाठची झाडी, ओढ्यांवरचे छोटे बंधारे: यांतल्या एकाही कामाला उद्घाटनाची फीत लागत नाही, म्हणून ती नेहमी यादीच्या तळाशी राहतात. पंपाचं बटण दाबता येतं. जिरलेल्या पाण्याचा फोटो काढता येत नाही.

हसायला मराठी माणसानंही फार पुढे सरसावू नये. नाशिकला एप्रिल २०१६ मध्ये, सिंहस्थाच्या शाही पर्वण्यांना वर्षही झालं नव्हतं तेव्हा, रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरनं पाणी ओतावं लागलं. पर्वण्यांसाठी गंगापूर धरणातून पाणी सोडायचं की नाही यावर २०१५ मध्येच उच्च न्यायालयात खल झाला होता. गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतल्यानं तळाचे जिवंत झरे दबले, ही नाशिककरांची तक्रार तर त्याहून जुनी. तिथेही धरणाचं दार उघडलं की घाट भरतो आणि झऱ्यांची चर्चा पुढच्या सिंहस्थावर जाते.

मॉडेलवाल्यांकडून दोन्ही शहरांनी घ्यावी ती नाक वर करून बघण्याची परीक्षा. नर्मदेचे पंप काही आठवडे पूर्ण बंद ठेवावेत, तेही पर्व नसताना, आधी जाहीर करून. त्या काळात उज्जैनीला, त्रिवेणीच्या वर, त्रिवेणीच्या खाली आणि राम घाटावर रोज पाण्याची पातळी, प्रवाह आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजावा आणि आकडे घाटावरच्या फळ्यावर लिहावेत, आरतीच्या वेळेसारखे. कोणत्या टप्प्यात किती पाणी हरवतं, कुठून घाण शिरते, झरे किती जिवंत आहेत, हे त्या फळ्यावरून शाळकरी पोरालाही कळेल. पंप चालू असताना घेतलेल्या मापांवरून यातलं काहीच कळत नाही. नाशिकला हेच गंगापूरचं दार बंद ठेवून करता येईल.

आक्षेप येईल की घाट कोरडा दिसला तर लोक चिडतील, वर्तमानपत्रं फोटो छापतील. छापतीलच. पण २०१९ ची अमावास्या कुणी ठरवून आणली नव्हती आणि फोटो तेव्हाही छापले गेले. नाशिकचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, त्यामुळे तिथे आता वेळ थोडाच. उज्जैनचं पर्व २०२८ च्या वसंतात आहे, म्हणजे पंप बंद ठेवून मोजमाप करायला क्षिप्रेच्या अभियंत्यांकडे २०२७ चा एक अख्खा उन्हाळा आहे.